नको त्या तपासणीला अडवणारा नियम

प्रयोगशाळेतलं यंत्र तासाला किती नमुने तपासतं याचं कौतुक सगळे करतात. कोणता नमुना तपासायचा नाही हे सांगणाऱ्या नियमाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने असे नियम एकत्र करून ठेवले आहेत: एखादी तपासणी पुन्हा करण्याआधी किमान किती दिवस जाऊ द्यावेत. रक्तातल्या साखरेची एचबीए1सी ही तपासणी घ्या. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळातल्या साखरेचा ठसा तिच्यावर राहतो. पंधरा दिवसांत ती तपासणी पुन्हा पाठवली, तर हाती जवळपास जुनाच आकडा येणार. म्हणून संगणक आधीचा रिपोर्ट दाखवतो आणि नवी मागणी थांबवतो.

एक तपासणी जास्त झाली तर बिघडलं कुठे, असं विचारलं जातं. हिशेबच करू. ‘नॉर्मल’ची मर्यादा अशी आखतात की निरोगी माणसांपैकी 5 टक्के तिच्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या धडधाकट माणसावर केल्या, तर एखादी तरी बिघडलेली दिसण्याची शक्यता 64 टक्के. मग फेरतपासणी, सोनोग्राफी आणि घरच्यांच्या जिवाला घोर. शिवाय रक्तही जातं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून यंत्राची सुई थोडंसंच उचलते, उरलेलं बहुतेक फेकलं जातं. कॅनडातल्या 25 अतिदक्षता विभागांत नेहमीच्या ट्यूबऐवजी कमी रक्त ओढणाऱ्या ट्यूब वापरून पाहिल्या गेल्या. 2023 साली निष्कर्ष आले. मुख्य विश्लेषणात फरक ठोस ठरला नाही, पण सगळे रुग्ण धरले तेव्हा दर शंभरामागे रक्ताच्या सुमारे 10 पिशव्या कमी लागल्या. सुई कमी वेळा टोचली तरी रक्त वाचणारच, असा माझा तर्क.

पैसे फारसे वाचत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. यंत्र आणि माणसं तीच राहतात, वाचतं ते थोडं रसायन. आजार निसटेल ही भीतीही खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे अडवलेला नमुना लगेच न फेकता शीतकपाटात ठेवणं आणि डॉक्टरांचा फोन आला की तपासणी करणं. तपासण्या कमी पाठवा, अशी डॉक्टरांना निव्वळ व्याख्यानं देऊन भागत नाही. रात्रपाळीच्या थकलेल्या रेसिडेंटच्या हाताला तपासणीच्या फॉर्मवरची ‘रोज’ ही चौकट आयती सापडत असेल, तर तिच्यावर खूण होणारच. ती चौकटच काढावी. आपल्याकडे ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजेस विकणाऱ्या खासगी लॅबला प्रत्येक तपासणी म्हणजे कमाई, तिथे हा नियम कोण बसवणार? महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांना ती अडचण नाही. सुरुवात तिथून करता येईल, आणि पहिला नियम एचबीए1सीचाच असावा.