पश्चिमेच्या खिडकीला पहिलं शटर

मेच्या २४-२५ तारखेला वऱ्हाडातल्या नांदगाव खंडेश्वरात भर दुपारी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. गावाचा अक्षांश साधारण २०.७ अंश, त्या दिवसांत सूर्य बरोबर माथ्यावर येतो. घराला रोलिंग शटर बसवणाऱ्यानं चोरीचा विचार करावाच, पण त्याआधी सूर्याचा करावा. मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही. पश्चिमेला मात्र चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट खोलीत शिरतं. मावळताना सूर्य पश्चिमेपासून वीसेक अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून उत्तरेची खिडकीही पुरती सुटत नाही. पैसे मोजकेच असतील तर पहिलं शटर पश्चिमेला लावा.

तेही काचेच्या बाहेरून. काच ऊन आत येऊ देते. पण तापलेली फरशी, गादी, भिंत जी लांब लहरींची उष्णता सोडतात, ती काचेतून सरळ पार होत नाही. आतून कितीही जाड पडदा लावला तरी ऊन तोवर घरात आलेलं असतं आणि पडदाच तापतो. बाहेरचं शटर ते उंबऱ्याबाहेर थोपवतं.

आता पत्रा. दुकानात १८ किंवा २० गेजची जस्ती पोलादाची पट्टी दाखवतात. २० गेज म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. एवढ्या पातळ पोलादातून उष्णता क्षणात आरपार जाते, त्यामुळे जाडीनं मजबुती वाढते, गारवा नाही. गारवा पृष्ठभागावर ठरतो, आणि इथं डोळे फसवतात. चकाकणारा कोरा जस्ती पत्रा बरंचसं ऊन परतवतो खरा, पण जे शोषतो ते उत्सर्जनानं बाहेर टाकण्यात फार कमजोर असतो; म्हणून हात लावला तर चटका बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊनही परतवतो आणि शोषलेली उष्णताही झपाट्यानं सोडतो. माझा सल्ला असा, की बाहेरची बाजू पांढरी रंगवा आणि खोलीकडची कोरीच ठेवा. उष्णता सोडण्यातली जस्ताची तीच कमजोरी आतल्या बाजूला आपल्या कामी येते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत फोम भरलेलं शटर याहून चांगलं, पण महाग.

मात्र सगळी शटरं पाडून कूलर लावला, तर वऱ्हाडातला उन्हाळा आणखी असह्य होईल. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. कूलरसमोरच्या खिडकीला म्हणूनच जाळीचं किंवा भोकांच्या पट्टीचं शटर घ्यावं. रात्री बाहेरची हवा निवली की तेच उघडं राहतं.

हाताच्या शटरची रचना मला फार आवडते. ते खाली येतं तसं लोंबणारं वजन वाढतं आणि त्याच वेळी वरच्या पाइपातली स्प्रिंग जास्त पिळली जाते; म्हणून माणसाला थोडंच बळ लावावं लागतं. मोटारीचं घ्यायचं तर वीज गेल्यावर हातानं फिरवायचं हँडल असलंच पाहिजे. आग लागली तर बाहेर पडायला एक दार विजेविना, किल्लीविना आतून उघडणारं हवं. यात तडजोड नको.

शेवटी जमीन, कारण इथली शटरं बिघडतात त्यात तिचाही हात असतो. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंती हलतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. शटरच्या दोन्ही बाजूंचे गाईड एकमेकांना समांतर असावे लागतात. वर-खाली थोडासा फरक पडला तरी पट्टी अडकते. मग लोक स्प्रिंगला दोष देतात, तेल ओततात. जिथं अशा चिरा आहेत तिथं एका रुंद शटरऐवजी दोन अरुंद घ्यावीत, आणि छपराचं पाणी पायाशी मुरू न देता दूर काढावं. गाईडमधलं अंतर वर, मधे आणि खाली टेपनं मोजून लिहून ठेवा. एकदा मेमध्ये आणि पुन्हा पोळ्याच्या सुमारास. आकडे बदलत असतील तर मिस्त्री शटरचा नव्हे, बांधकामाचा बोलवा.