आकृती एक, चालू प्रोग्रॅम दुसराच

नांदगाव पेठच्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच आहेत. अशा केंद्रांत बॉयलर-टर्बाइनचं नियंत्रण बहुधा ठोकळ्यांच्या आकृतीत मांडतात. कंट्रोलरमध्ये चालणारा प्रोग्रॅम त्यावरून सॉफ्टवेअरच तयार करतं. मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठी हेच काम करणारं ‘मास्टरक्राफ्ट’ हे सॉफ्टवेअर टीसीएसच्या पुण्यातल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात घडलं.

खरी गोची नंतर होते. समजा, पंप सारखा ट्रिप होतो म्हणून रात्रपाळीत कुणी थेट चालू कंट्रोलरमध्ये ट्रिप होण्याआधीचा विलंब २ सेकंदांवरून ५ वर नेला. आकृतीत २ च राहिले. पुढे भलत्याच कामासाठी आकृतीवरून प्रोग्रॅम पुन्हा उतरवला, की ती दुरुस्ती पुसली जाते आणि पंप परत ट्रिप होऊ लागतो. कारण कुणालाच सापडत नाही.

म्हणून बदल आधी आकृतीत करायचा. तिच्यावरून तयार झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. हाताने लिहिलेला कोड वेगळ्या फाइलीत ठेवायचा. आणि आकृतीवरून कोड अधूनमधून नव्याने काढून चालू कोडशी ओळीनं ओळ ताडून पाहायचा. यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.