मोटारीच्या मागच्या आसाचे आवाज : खर्चापूर्वीं पंचनामा

बैलगाडीचा आंख कोरडा पडला म्हणजे ती दोन शेतांपलीकडे ऐकूं येईल इतकी कुरकुरते, आणि गाडीवान कोणास न विचारतां वंगण घालतो. मोटारीच्या बाबतींत मात्र तोच गाडीवान गोंधळून जातो. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं मुंबईस विलीज जातीच्या जीपांची जुळणी सुरू केली, तेव्हांपासून हें वाहन शेतकऱ्याच्या ओळखीचें झालें. गडहिंग्लज तालुक्यांत मिरची, ऊस व गुळाच्या धंद्यांतील एखाद्या घरीं अजूनहि जुनी जीप जपून ठेविलेली आढळते. अशा गाडीच्या मागच्या आसांतून घूं घूं किंवा खडखड येऊं लागली कीं मालक एकतर दुर्लक्ष करतो, नाहीं तर मिस्त्री सांगेल तो खर्च निमूटपणें करतो. दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. आम्हीं दोन्ही चालून पाहिल्या, म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत हिरण्यकेशीस पूर आला, तेव्हां आमची जीप गुडघाभर पाण्यांतून काढावी लागली. पाणी ओसरलें, गाडी पूर्ववत् चालूं लागली व आम्ही तो प्रसंग विसरलों. दिवाळीच्या सुमारास मागून घरघर येऊं लागली. एका मिस्त्रीनें गाडी चालवून न पाहतांच क्राऊन व पिनियन ही दातेरी जोडी बदलावयास सांगितली. आम्हींहि मान डोलाविली. नवी जोडी बसली, पैसे गेले, घरघर तशीच राहिली. ‘नवें आहे, रुळेल’ असें मनाचें समाधान करून आम्हीं महिनाभर गाडी चालविली. अखेर आमचा पुतण्या वहिनींस घेऊन आजऱ्याहून परत येत असतां उतारावर मागचें डावें चाक कलंडलें व गाडी रस्त्याकडेच्या चरांत गेली. माणसें वांचलीं, हें दैव. दोष चाकाच्या बेअरिंगचा निघाला. पुराचें पाणी शिरून तें आंतून गंजलें होतें. जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज पंचनामा लिहूं नये, हा धडा महसूल खात्याच्या कारकुनींत आम्हीं जन्मभर गिरविला. स्वतःच्या गाडीपुरता मात्र तो विसरलों.

प्रथम रचना समजून घ्यावी. इंजिनाची गति एका लांब फिरत्या दांड्यानें मागें येते. त्याच्या टोकास जें लहान दातेरी चाक, तें पिनियन. तें मोठ्या क्राऊन चाकास फिरवितें, आणि गति काटकोनांत वळून दोन्ही चाकांकडे जाते. विलीज धर्तीच्या अनेक जुन्या जीपांत पिनियनास ८ व क्राऊनास ४३ दांते असतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास दांडा सुमारें ५.३८ फेरे घेतो. क्राऊनाला जोडलेल्या पेटींत आणखी लहान दातेरी चाकें असतात. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. ती तडजोड हीं चाकें करतात. ही युक्ति ओनेसिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं योजिली. आसाच्या दोन्ही टोकांस चाकांचीं बेअरिंगें असतात. आवाजाचा धनी या मंडळींपैकींच कोणी तरी असतो.

पण आवाज आसाचाच आहे काय, हें आधीं ठरवावें. ज्या वेगास आवाज येतो त्या वेळीं इंजिन किती जोरानें चालतें तें कानानें ध्यानांत ठेवावें. मग गाडी उभी करून, गिअर मोकळा ठेवून इंजिन तितक्याच जोरानें चालवावें. आवाज तेव्हांहि आला तर दोष पुढें आहे. दुसरें, संकेश्वरच्या डांबरी रस्त्यावर एक आवाज व शेताच्या मातीच्या वाटेवर दुसरा, असें झाल्यास तो बहुधा टायरांचा समजावा. आसाचा आवाज रस्त्याप्रमाणें फारसा बदलत नाहीं. तिसरें, चालतांना ब्रेक हलकेच दाबून आवाज बदलला, तर ब्रेकच्या ड्रमांत खडा किंवा माती अडकली आहे काय तें पाहावें.

आवाज आसाचाच ठरला, म्हणजे तो केव्हां येतो हें पाहावें. सामानगडाच्या चढासारख्या ठिकाणीं अ‍ॅक्सिलरेटर दाबला असतां शिटीसारखा किंवा रडल्यासारखा सूर निघतो आणि पाय काढतांच तो बदलतो किंवा बंद होतो, तर संशय क्राऊन-पिनियनाच्या दांत्यांवर घ्यावा. उलट घरघर चढाला व उताराला सारखीच असेल, फक्त वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाचें बेअरिंग तपासावें. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगानें गाडी किंचित् डावीकडे व मग उजवीकडे वळवावी. डावीकडे वळवितांना भार उजव्या चाकावर पडतो. तेव्हां घरघर वाढली तर उजवें बेअरिंग, उलट झाल्यास डावें. ही साधी परीक्षा आम्हीं वेळीं केली असती, तर गाडी चरांत गेली नसती.

सरळ रस्त्यावर गाडी गप्प व केवळ वळणावर कुरकुर, असें असल्यास तडजोड करणारीं लहान चाकें झिजलीं असावींत. गाडी सुरू करतांना किंवा मागें घेतांना एकदांच ‘टक्’ असा ठोका येत असेल, तर बहुधा दांड्याचा क्रॉस झिजलेला असतो. क्वचित् पाट्यांचे बोल्ट किंवा चाकाच्या हबची चाकी सैल असते. पण नियमित ठोका पडत राहिला तर गाडी तेथेंच उभी करावी, कारण दांता तुटल्याचा तो संभव आहे. चाकाच्या एका फेऱ्यास एक ठोका पडल्यास दोष क्राऊनाचा, पांच-सहा पडल्यास पिनियनाचा. तुटका तुकडा दांत्यांमध्यें सांपडल्यास चाकें एकाएकी जखडूं शकतात.

यापुढें गाडी सपाट जागीं उभी करून पुढच्या चाकांस दगड लावावे व मागचें एक चाक जॅकनें उचलावें. आसाखालीं भक्कम ठोकळा दिल्याखेरीज कोणीहि गाडीखालीं जाऊं नये. चाक वर-खालीं धरून हलवावें, मग हातानें सावकाश फिरवावें व दुसरा हात पाट्यावर ठेवावा; खराब बेअरिंगची खरखर हातास कळते. या वेळीं इंजिन चालवूं नये. एक चाक जमिनीवर व एक अधांतरीं असतां मोकळें चाक क्राऊनाच्या दुप्पट वेगानें फिरतें, आणि जॅक घसरल्यास अनर्थ होतो.

शेवटीं तेल पाहावें. किंबहुना पुराच्या भागांत तें पहिल्यानें पाहावें. तापलेला आस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा आकसते व हवेच्या छिद्रांतून आणि सीलांतून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ दिसलें तर पाणी शिरलेंच. तें त्वरित काढून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचें, बहुधा ई.पी. ९०, गिअर ऑइल भरणीच्या भोकापर्यंत भरावें व चाकांचीं बेअरिंगेंहि उघडून पाहावीं. काढलेल्या तेलांत बारीक चमक थोडीबहुत असतेच. पण नखाएवढे लोखंडाचे तुकडे निघाल्यास आस उघडावाच लागतो.

एवढें करूनहि क्राऊन-पिनियनच दोषी ठरल्यास तीं जोडीनेंच बदलावींत. दांत्यांमधील मोकळीक पातळ पत्र्या घालून मोजूनमापून ठेवणारा कारागीरच पाहावा. अंदाजानें बसविलेली नवी जोडीहि ओरडते.

मिस्त्रीवर अविश्वास दाखवावा असा आमचा हेतु नाहीं. आवाज कोणत्या वेगास येतो, चढावर कीं उतारावर, वळणावर कीं सरळ, गाडी पाण्यांतून केव्हां गेली, या चार ओळी कागदावर लिहून त्याच्या हातीं द्याव्या व त्यास शेजारीं बसवून गाडी फिरवून आणावी. चांगला कारागीर याचा राग मानणार नाहीं. बैलाचा पाय दुखतो तेव्हां आपण त्यास चालवून पाहतों, मगच औषध करतों. गाडीसहि तोच न्याय लावावा. तींत आपलींच माणसें बसणार आहेत, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे.