घेवड्याच्या गुणसूत्रांची हद्दमोजणी

कोरेगांवाकडील वाघ्या घेवडा आणि बाजारांतील राजमा हे एकाच वनस्पतीचे वाण होत. ही वनस्पति मूळची अमेरिकेंतली. मेक्सिकोच्या बाजूस व अँडीज पर्वतांत अशी ती दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें लागवडीस आली. तिच्या पेशींत गुणसूत्रांच्या ११ जोड्या असतात. आनुवंशिक गुणांचें दप्तर तें हेंच. परंतु हीं सूत्रें इतकीं लहान व एकसारखीं, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं कोणतें कितव्या क्रमांकाचें हें ओळखणें कठीण. गटच ओळखतां येईना, तर खातेदार कसा सांपडावा?

ह्यास्तव शास्त्रज्ञांनीं हद्दीचे दगड शोधिले. पेशींत प्रथिनें घडविणारे रायबोसोम नांवाचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्या जनुकांच्या पुष्कळ प्रती एकाच जागीं ओळीनें लागलेल्या असल्यामुळें ती जागा हुडकतां येते. कोंवळ्या मुळाचें टोंक कांचेवर दाबून पसरितात, सूत्रांतील दुहेरी धागे उष्णतेनें सुटे करितात, आणि त्याच जनुकाचा चमकता रंग लाविलेला तुकडा त्यांवर सोडितात. तो आपल्या जोडीदारापाशींच जाऊन बसतो, व तेथें ठिपका उजळतो. ह्या रीतीचा पाया १९६९ सालीं गॉल व पार्ड्यू ह्या अमेरिकन संशोधकांनीं घातला. चमकते रंग मागाहून आले.

हे दगड दोन प्रकारचे. ‘५ एस’ जनुकांच्या जागा घेवड्यांत एका संचास दोनच, व त्या बहुधा ढळत नाहींत. ‘४५ एस’च्या जागा मात्र वाणागणिक कमीअधिक. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या मेक्सिकोकडील वाणांपेक्षां अँडीजकडील वाणांत अधिक आढळल्या. मोजणीस स्थिर दगडच हवा, हें खरें. पण सरकलेला दगडही, महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास ठाऊक आहे, वांटणीचा इतिहास सांगतो.

२०१४ सालीं घेवड्याचा समग्र जनुकलेख प्रसिद्ध झाला, तरी हें काम निरुपयोगी ठरलें नाहीं. एकच मजकूर पुनःपुन्हां आला म्हणजे तुकड्यातुकड्यांनीं वाचलेल्या लेखांत त्याची जागा व लांबी लावणें अवघड जातें. सूक्ष्मदर्शकाखालीं ती प्रत्यक्ष दिसते.

ह्या नकाशानें एकरीं उत्पन्न वाढेल असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. त्याचा उपयोग संकर करणारास. दोन्ही बाजूंच्या वाणांचा संकर केला असतां कधीं कधीं रोप खुरटतें; प्रत्येक बाजूकडून आलेलें एकेक जनुक एकत्र पडल्याचा तो परिणाम. तीं जनुकें रायबोसोमचीं नव्हेत. परंतु तीं कोणत्या सूत्रावर आहेत हें दाखवावयाचें, तर आधीं सूत्र ओळखावें लागतें.