पंधरा दिवसांनी पुन्हा प्लेट

रंगा आठ महिन्यांचा होता. आदल्या रात्री घरभर हुंदडलेलं हे जर्मन शेफर्डचं पिल्लू सकाळी जिना उतरायलाच तयार होईना. उजवा पुढचा पाय अधांतरी धरून उभं. पंजात काटा नव्हता, नखं शाबूत होती, सूज नव्हती. दवाखान्यात डॉक्टरबाई खांद्यापासून खाली एकेक हाड बोटांनी दाबत आल्या. दंडाच्या मध्यावर बोट टेकलं आणि रंगा कळवळला. एक्स-रेत तिथेच, हाडाच्या पोकळीत, अंगठा उमटावा तशी पुसट पांढरी छाया होती.

"पॅनोस्टायटिस वाटतोय," बाई म्हणाल्या. "पण आज खात्रीनं नाही सांगता येणार. पंधरा दिवसांनी पुन्हा प्लेट काढू."

घरी येईपर्यंत तो 'वाटतोय' डोक्यात घोळत राहिला. एवढी यंत्रं असताना निदान का होऊ नये? उत्तर यंत्रात नव्हतं, हाडात होतं.

पॅनोस्टायटिस म्हणजे मोठ्या जातींच्या वाढत्या कुत्र्यांचं हाडांचं दुखणं. बहुतेकदा पाच ते अठरा महिन्यांच्या वयात होतं, मादीपेक्षा नरांत अधिक, आणि जर्मन शेफर्डमध्ये तर फारच. मूळ कारण अजून उलगडलेलं नाही. नळीच्या हाडात रक्तवाहिनी ज्या छिद्रातून शिरते, त्याच्या आसपास मज्जेतल्या चरबीची जागा तंतुमय ऊती घेते आणि मग तिथे कच्चं हाड तयार होऊ लागतं. एक्स-रेला दिसतं ते मुख्यतः हाडातलं खनिज, त्यामुळे हा बदल प्लेटवर उमटेपर्यंत कुत्रं कित्येक दिवस लंगडून झालेलं असतं. उलट छाया ठळक दिसते, तेव्हा दुखणं ओसरलेलंही असू शकतं. हाड पोखरलं जात असेल तरी तेच. बरंचसं खनिज झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर खड्डा दिसत नाही. म्हणून एका प्लेटवरून जे कळत नाही, ते दोन प्लेटांमधल्या फरकावरून कळतं. पंधरा दिवस थांबणं हाही तपासणीचाच भाग आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

दरम्यान बाकीचे संशयित एकेक करून तपासावे लागतात. जर्मन शेफर्डच्या कोपरात मागच्या बाजूला हाडाचं एक टोक असतं, ते साधारण वीस आठवड्यांपर्यंत मूळ हाडाला जुळायला हवं. नाही जुळलं तर पाय दुखतो आणि पुढे सांधा झिजतो. मनगटाच्या वर, वाढीच्या चकतीजवळ सूज आणि सोबत ताप असेल, तर आजार वेगळा. आपल्याकडे गोचीड तापाला विसरून चालत नाही. त्यातही सांधे धरतात, म्हणून रक्त तपासायचंच. आणि सगळ्यांत शेवटी, ज्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही तो हाडाचा कॅन्सर. तो प्रामुख्याने उतारवयातल्या मोठ्या कुत्र्यांचा आजार, पण दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यांतही थोड्या प्रमाणात आढळतो. म्हणूनच एकाच जागी वाढत जाणारी सूज किंवा दिवसेंदिवस बळावणारं लंगडणं दिसलं, तर पंधरा दिवस मोजत बसू नये.

या काळात शेजारपाजारहून हमखास सल्ला येतो, "कॅल्शियम कमी पडलंय, बाटली सुरू करा." कृपया करू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात हर्मन हेझविंकेल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या हाडांची वाढ बिघडली. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरोखर कमी पडतं, हेही तितकंच खरं. त्याची हाडं इतकी ठिसूळ होतात, की उडी मारतानाही मोडतात. पण त्यावर उपाय बाटलीचा नाही, वाढत्या पिल्लाच्या समतोल आहाराचा आहे. सकाळच्या उन्हाचीही भिस्त धरू नये. कुत्र्याच्या कातडीत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. आणि आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रंगाला डॉक्टरांनी दिलेलं औषध जेवणानंतर, मोजून देत होतो.

माझ्या हाती उरली ती एक वही. बाईंनीच सांगितलं होतं, "रोज त्याला फरशीवर नको, मातीवर चालवा आणि डोकं बघा." पुढचा दुखरा पाय टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं, चांगला पाय टेकताना खाली घालतं. एकदा हे डोळ्यांना कळलं, की पाय न बघताही दुखरी बाजू सांगता येते. तारीख, पाय, सकाळी की संध्याकाळी, खाल्लं की नाही, असं मी लिहीत गेलो, फोनवर चित्रणही करत गेलो. नवव्या दिवशी उजवा पाय सुधारला. बाराव्या दिवशी रंगा डाव्या पुढच्या पायावर लंगडू लागला. माझ्या पोटात गोळाच आला.

दुसऱ्या प्लेटवर दंडातली जुनी छाया गडद झाली होती आणि डाव्या पायाच्या हाडात नवी, अगदी पुसट छाया दिसत होती. बाईंचा चेहरा मात्र सैल झाला. "गाठ अशी पाय बदलत हिंडत नाही," त्या म्हणाल्या. कागदावर त्यांनी पॅनोस्टायटिस लिहिलं, शेजारचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही, आणि महिन्याभरानंतरची तारीख दिली.

वहीतली काल रात्रीची नोंद: मागचा उजवा, थोडा. भाकरी-अंडं सगळं खाल्लं. जिन्याच्या दोन पायऱ्या आपणहून.