तळवड्यातील गुलाबाची बॉर्डर: एक मागोवा

कुंपणालगतच्या लांब पट्ट्यात गुलाब आणि बहुवर्षायू फुलझाडे मिसळून लावण्याची रीत, म्हणजे ‘बॉर्डर’, इंग्लंडात रुजली. गर्ट्रूड जेकिल यांच्या १९०८ मधील रंगसंगतीवरच्या पुस्तकाने तिला शिस्त लावली: उंच झाडे मागे, बुटकी पुढे, एकेका जातीची रोपे घोळक्याने. पुण्याची बागकामाची परंपरा त्याहून जुनी आहे. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० ची, गणेशखिंडीचे वनस्पती उद्यान १८७३ चे. तरी गुलाब इथे बराच काळ एकटाच राहिला, वेगळ्या वाफ्यात आणि उघड्या मातीत.

१९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत आली आणि कारखान्यांच्या दाराशी हिरवळ व गुलाबाचे ताटवे दिसू लागले. इंद्रायणीकाठचे तळवडे तेव्हा शेतीचे गाव होते. १९९७ मध्ये ते महापालिकेत आले. पुढे लघुउद्योग आणि आयटी पार्क वाढले, तशा कंपाउंडच्या कडेच्या अरुंद पट्ट्याही वाढल्या. बॉर्डरला हीच जागा मिळते. खाली काळी चिकणमाती, वर बांधकामाच्या भरावाचा मुरूम.

इंग्रजी आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही. डेल्फिनियम, लुपिन यांना थंडीत झोप हवी असते, आणि पुण्याचा उन्हाळा ती झाडे सोसत नाहीत. गुलाबाचे इथले खडतर दिवस मात्र जून ते सप्टेंबरचे: पाने सतत ओली राहतात, काळे ठिपके पडून गळतात. त्यामुळे इथली बॉर्डर पावसाभोवतीच आखावी लागते, आणि हे लक्षात घेतले की बाकीची निवड सोपी होते. पावसाळ्यात कर्दळ, लिली, निशिगंध, निळा प्लंबॅगो, अबोली यांनी पट्टा भरलेला ठेवायचा. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या सुमारास, गुलाबाची छाटणी करायची. साधारण ४५ ते ५० दिवसांनी बहर येतो आणि हिवाळाभर मान गुलाबाचा राहतो.

जातींच्या निवडीत फ्लोरिबंडा उजव्या ठरतात, कारण त्या झुपक्याने फुलतात: १९५८ ची पांढरी ‘आइसबर्ग’, किंवा बी. पी. पाल यांची १९६३ ची ‘डेल्ही प्रिन्सेस’. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमुळे मावळात गुलाब हे निर्यातीचे पीक झाले, पण पॉलिहाऊसमधल्या त्या लांब दांड्याच्या जाती छताखालीच शोभतात. उघड्या पावसात त्यांचा निभाव लागणे कठीण.

लावणीत सर्वाधिक कष्ट निचऱ्यावर घ्यावेत. भराव काढून पट्टा जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच करायचा, ४५ सेंटिमीटरचे खड्डे शेणखत, पोयटा व निंबोळी पेंडीने भरायचे आणि कलमाचा डोळा मातीच्या वर ठेवायचा. दोन गुलाबांत ७५ सेंटिमीटर अंतर सोडले की वारा खेळतो व पाने लवकर सुकतात. कर्दळ गुलाबाच्या उत्तरेला असावी. दक्षिणेला लावली तर ऐन बहरात हिवाळ्याचे ऊन अडते. डोळ्याखालून येणारे रानफुटवे मुळाशीच काढावेत, नाहीतर खुंट कलमावर मात करतो.

एप्रिल-मेमध्ये पालापाचोळ्याचे आच्छादन आणि ठिबक पुरते. दर दोन-तीन वर्षांनी, पाऊस सुरू होताच, कर्दळ व लिलीचे दाटलेले कंद उकरून विभागतात. गुलाबाची मुळे त्या वेळी हलवत नाहीत.