पूना हॉर्सचे कर्नल तारापोर

लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईचा. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या एका पूर्वजाला शंभर गावांचे इनाम मिळाले, त्यांत तारापूर मुख्य, आणि आडनाव त्यावरून आले, अशी घराण्याची परंपरा सांगते. शिक्षण मात्र पुण्यात, सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात झाले.

१९४२ मध्ये ते निजामाच्या फौजेत अधिकारी झाले. नेमणूक मिळाली पायदळात. ओढ होती चिलखती दलाची. बदलीचा योग विचित्र रीतीने आला. सरसेनापती अल् इद्रूस पाहणीला आले असताना एका रंगरुटाचा हातबॉम्ब नीट फेकला न जाता जवळच पडला. तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलला आणि भिरकावला. तो लगेच फुटला आणि ठिकऱ्या त्यांच्या छातीत घुसल्या. बरे झाल्यावर इद्रूस यांनी त्यांना बोलावून कौतुक केले, तेव्हा त्यांनी चिलखती दल मागून घेतले. हैदराबाद लान्सर्समधून ते दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात गेले. पुढे संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये दाखल झाले. १८१७ साली, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, उभा राहिलेला हा रिसाला. घोडी केव्हाच गेली होती; १९६५ मध्ये तारापोर त्याचे प्रमुख होते ते सेंच्युरियन रणगाड्यांसह.

त्या सप्टेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धात, भारताची पहिली चिलखती डिव्हिजन पाकिस्तानातल्या सियालकोट आघाडीवर उतरली. ११ तारखेला फिलोरा घेण्याचा मुख्य तडाखा पूना हॉर्सने द्यायचा होता. फिलोरा आणि चविंडा यांच्यामधून घुसून मागून हल्ला करायचा, हा बेत. वाटेतच वझिरवालीकडून शत्रूचे रणगाडे चालून आले. तारापोर जागचे हलले नाहीत. एक स्क्वाड्रन आणि पायदळ घेऊन त्यांनी फिलोऱ्यावर चढाई केली. या लढाईत ते जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी साफ नकार दिला. रणगाड्याचे झाकण लावले की सुरक्षितता वाढते आणि नजर खुंटते. तारापोर डोके बाहेर काढून उभे राहत. रेजिमेंटचा प्रमुख सगळ्यांना दिसत होता, हा त्याचा खरा फायदा मानावा लागेल.

वझिरवाली पडली. १६ सप्टेंबरला जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांडी घेतली गेली. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी दोन्ही ठाणी त्यांनी धरून ठेवली. चविंड्यावर मागून चालून जाणाऱ्या पायदळाला या ठाण्यांचाच आधार होता. त्याच दिवशी ते धारातीर्थी पडले. चविंडा अखेरपर्यंत हाती आला नाही, हेही नोंदवायला हवे. पण सहा दिवसांत रेजिमेंटने नऊ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे साठ निकामी केले, असे परमवीर चक्राच्या मानपत्रात म्हटले आहे.

आपण पडलो तर रणांगणावरच दहन करावे, असे त्यांनी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. प्रार्थनेचे पुस्तक आईला, फाउंटन पेन मुलाला, अशी निरवानिरवही त्यात होती. पारशी रिवाजात दहन बसत नाही. तरीही त्यांची इच्छा पाळली गेली.

परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. हा मान मिळवणाऱ्यांमध्ये पराक्रमाच्या वेळी सर्वांत वरचा हुद्दा त्यांचाच. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल दुसऱ्या परमवीर चक्राचे मानकरी ठरले. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटाला तारापोर यांचे नाव देण्यात आले.